पहिली पंगत

कढईतला मैदा तांबूस होऊ लागला होता, म्हणून मेघाने मागे न बघताच सांगितलं, "खोका तिथंच ठेवा, भूपेशजी. मले आत्ता हात थांबवता येत नाही."

मेघा हॉटेलच्या स्वयंपाकघराची प्रमुख, भूपेश पार्ट्यांचा मॅनेजर. वर्धा रोडवरच्या या हॉटेलच्या लॉनवर साखरपुड्यापासून कंपन्यांच्या जेवणांपर्यंत जे काही होई, ते त्याच्या हातून जाई. त्याने खोका भाजी चिरायच्या ओट्यावर ठेवला आणि कपाळ पुसत शेगडीपासून दोन हात लांब उभा राहिला.

मेघा चाटू फिरवत राहिली. तेलात मैदा असा भाजायचा तर पाऊण तास जागचं हलायचं नसतं. नजर चुकली की तळाला काळे ठिपके धरतात आणि सगळं फेकण्याखेरीज इलाज उरत नाही. आधी गव्हाचा रंग, मग विटेचा, शेवटी काताचा. काताच्या रंगावर आलं की कांदा, सेलरी आणि शिमला मिरची टाकायची. अमेरिकेत लुईझियानाकडे गंबो नावाचा दाट रस्सा करतात, त्याचा हा पाया. शनिवारच्या पार्टीसाठी ती आज तो पहिल्यांदाच इथे करून बघत होती.

"थीमचं नाव ठरलं," भूपेश म्हणाला. "प्लांटेशन नाईट. लॉनवर पांढरे खांब उभे करून राहिले. थर्माकोलचे आहेत, पण लांबून एकदम हवेली. पार्टी महादेवरावांची. त्यांच्या लेकाच्या लग्नाचे फोटो तिकडच्याच एका हवेलीत काढले होते. आता लग्नाले वर्ष झालं, तर सुनेले सगळं सेम तसंच पाहिजे."

"जेवण होईल तसं."

"जेवणाची काळजीच नाही मले. तुम्ही तिकडं राहून आल्या." त्याने खोक्याची पट्टी फाडली. "हे बघा फक्त."

आतून झालरीचे पांढरे एप्रन निघाले आणि लाल-पांढऱ्या चौकड्यांचे चौकोनी कपडे. भूपेशने एक कपडा हवेत धरून घडी घातली. "डोक्याले बांधायचे. गाठ समोर. वाढणाऱ्या सहा मुली हे घालतील." त्याने मोबाईल तिच्या डोळ्यांपुढे धरला. एका जुन्या जाहिरातीतली बाई होती. काळीभोर, जाडजूड, डोक्याला असाच कपडा, हातात पातेलं आणि तोंडभर हसू.

"कोण आहे ही?" मेघाने विचारलं.

"कोणी नाही, असंच. तिकडची जुन्या काळातली मोलकरीण. क्यूट वाटते ना?"

"मोलकरीण काम सोडून जाऊ शकते, भूपेशजी."

तो हसला, पण मेघा हसली नाही. तेव्हा त्याने मोबाईल खिशात टाकला आणि सहा नावांची चिठ्ठी ओट्यावर ठेवली. पायल, प्रीती, आणि खाली आणखी चार. वाढायच्या कामावर पाळीपाळीने येणाऱ्या एकूण चौदा मुली होत्या. मेघाने चिठ्ठी दोनदा वाचली. त्या सहाजणींचे चेहरे एकामागून एक तिच्या डोळ्यांपुढून गेले, मग राहिलेल्या आठजणींचे.

"याच सहा काहून?"

भूपेशने खोका बंद केला. "थीमले सूट होतात," तो म्हणाला आणि दारातून निघून गेला.

करपल्याचा वास आला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, आपला हात कधीचा थांबला आहे. मैद्यात काळे ठिपके धरले होते. तिने शेगडी बंद केली, कढई मोरीपाशी नेली आणि पालथी केली.

मेघा रामटेके पाच वर्षं जहाजावर होती. प्रवाशांना फिरवणारं मोठं जहाज, त्याच्या पोटात सातशे कामगार. दर रविवारी ते न्यू ऑर्लिन्सच्या बंदराला लागे आणि तिला चार तास मोकळे मिळत. बंदराजवळच्या एका गल्लीत मिस ओडेल नावाच्या म्हाताऱ्या काळ्या बाईची खानावळ होती. जहाजावरची पोरं तिथे फोन लावायला आणि पोटभर जेवायला जात. मेघाही तशीच गेली होती. दुसऱ्या रविवारी तिने नुसतं बसवेना म्हणून भेंडी चिरायला घेतली. तिसऱ्या रविवारी मिस ओडेलने न विचारता तिच्या हातात चाटू दिला.

एकदा दुरुस्तीसाठी जहाज तीन दिवस थांबलं, तेव्हा मिस ओडेल तिला आपल्या गाडीतून नदीच्या वरच्या अंगाला घेऊन गेली. दोन्हीकडे उसाची शेतं होती, पूर्वी गुलामांकडून कसून घेतलेली; अशा मळ्यालाच तिकडे प्लांटेशन म्हणत. मग मोठाल्या झाडांची रांग, आणि रांगेच्या टोकाला पांढऱ्या खांबांची हवेली. तिथे त्या दिवशी कुणाचं तरी लग्न होतं. पाहुणे व्हरांड्यात थंड सरबत पीत उभे होते. मिस ओडेल हवेलीत शिरली नाही. ती मेघाला मागच्या अंगाला घेऊन गेली. तिथे लाकडी खोपट्यांची एक ओळ होती, आणि हवेलीपासून बरंच लांब, आगीच्या भीतीने वेगळं बांधलेलं स्वयंपाकघर. भिंतीवर गुलामांची जुनी यादी लावली होती. प्रत्येकाचं एकच नाव, पुढे वय, पुढे काम. मिस ओडेलने एका ओळीवर बोट ठेवलं. सिलेस्ट, वय एकोणतीस, स्वयंपाकीण.

"माझ्या पणजीची आई," ती म्हणाली. "पुढे आत दुकान आहे. तिथे पाककृतींचं पुस्तक मिळतं, त्यावर या हवेलीचं नाव आहे. या हवेलीने आयुष्यात कधी कांदा चिरला नाही, पोरी."

त्या दिवसानंतर मेघाला ती यादी कधी विसरता आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भूपेशला स्वच्छ सांगितलं. स्वयंपाक ती करील, महादेवरावांना आयुष्यभर आठवेल असा करील. पण मुली ते कपडे घालणार नाहीत. भूपेश वर मालकांच्या खोलीत जाऊन आला. उतरताना त्याने जिन्याचा कठडा धरून ठेवला होता.

"मालक म्हणतात, किचन तुमचं, लॉन त्यांचं. शनिवार होऊन जाऊ द्या. सोमवारी तुमच्याशी बोलतो म्हणतात." मग जरा जवळ येऊन, हळू आवाजात तो म्हणाला, "कशाले अंगावर घेता, मॅडम? एका कपड्यासाठी?"

"कपड्यासाठी नाही."

"मग?"

मेघा कांदे सोलायला वळली. वर्षानुवर्षं पार्ट्या लावणारा हा माणूस काही दुष्ट नव्हता. चौदाजणींतून सहा निवडताना आपला हात कसा चालला हे त्याला कळलं होतं, आणि कळल्याचं त्याला कुणी दाखवू नये एवढीच त्याची इच्छा होती.

त्या संध्याकाळी पायल तिची वाट बघत स्कूटर स्टँडपाशी उभी होती. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, कामाला चपळ, बोलायला तिखट. आज ती खाली बघत बोलली.

"ताई, आमच्यासाठी बोलाले कोणी सांगितलं होतं तुमाले?"

मेघाने हेल्मेट हातातच धरलं. "तुले घालायचे आहेत ते कपडे?"

"मले काय पाहिजे ते कोण विचारते? आईले हप्त्यातून दोनदा धंतोलीत डायलिसिसले न्यावं लागते. भूपेश सर ड्युटी बदलून देतात, म्हणून जमते. दुसरीकडं कोण देईल?" तिने मान वर केली. "आम्ही साहीच्या साही काळ्या आहो, ते आमाले समजत नाही का? तुम्ही सांगाल तेव्हाच समजन? समजते. बांधून घेऊ कपडा, वाढून देऊ, सोडून टाकू. तुमचं जमते. तुम्ही उद्या दुसऱ्या जहाजावर जाल."

"मी कुठं जात नाही वं."

"मग माही नोकरी पण जाऊ देऊ नका," पायल म्हणाली आणि बसस्टॉपकडे चालायला लागली.

मेघा वाडीला राहत असे. अमरावती रोडला ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे दोन खोल्या, ती आणि तिची आई तुळसाबाई. दिवसभर ट्रक मागेपुढे होत, त्यामुळे मायलेकींना मोठ्याने बोलायची सवय लागली होती. दुसऱ्यांदा नीट जमलेला गंबो मेघाने डब्यात आणला होता. तुळसाबाईने भातावर ओतून घेतला, बोटांनी चाचपला, एक घास खाल्ला.

"झिंगे हायेत यात," ती म्हणाली. "अन् भेंडी. हे त आपलंच हाय. फक्त भेंडीचा गाळ केला."

मेघाला हसू आलं, आणि हसता हसताच तिने सगळं सांगून टाकलं. खोका, चिठ्ठी, पायल, सोमवार. तुळसाबाई जेवत ऐकत राहिली. ताट पुसून झाल्यावर तिने पाण्याचा पेला भरला, पण प्यायली नाही.

"पारशिवनीकडं आमच्या गावात मालगुजाराच्या पोरीचं लग्न होतं," ती म्हणाली. "मी असीन सहा-सात वर्षांची. माह्या मायनं त्यायच्या अंगणात तीन दिवस धान कांडलं. दीक्षा घेतली होती आमी, दहा-बारा वर्ष होऊन गेले होते. पण पोट त्याच गावात होतं. सगळ्या पंगती उठल्या, मग आमाले बलावलं. गोठ्यापाशी. ताटल्या घरून न्यायच्या. भात गारठून गेलता. माय रस्त्यानं म्हणे, त्या तांदळाचा वास लय चांगला होता."

"भाताचा?"

"तांदळाचा वं. कांडताना येते तो. गरम भात कसा लागते ते तिले काय ठाऊक." तुळसाबाई आता पाणी प्यायली. "दुसऱ्या पोरीच्या लग्नात माय गेलीच नाही. बलवाले आले, त दारात बसून राहिली. उठली नाही."

"मग?"

"मग काय. दोन सालं कोणी कामाले बलावलं नाही. जगलोच ना."

बाहेर एक ट्रक मागे येत होता. कुणीतरी "आने दो, आने दो" म्हणून ओरडत होतं.

शनिवारी तिने सकाळी आठलाच पातेली चढवली. मैदा पाऊण तास भाजला, एकदाही मान वर न करता. कोंबडीचा रस्सा आधीच उकळून ठेवला होता. भेंडी, धुरावलेलं सॉसेज, मग खेकडे, अगदी शेवटी झिंगे. एकशे वीस पाहुण्यांचा अंदाज होता. तिने त्यात आपल्या मनाने अकरा माणसं वाढवली.

दुपारी चारला सहाजणी आल्या. एप्रन घातलेले, डोक्याला कपडे, गाठी समोर. मेघाने त्यांच्याकडे बघितलं. पायल तिच्या नजरेला नजर देऊन उभी राहिली. मेघाने भाताचं झाकण काढून दाणा दाबून पाहिला.

साडेचारला नोकरांच्या जेवणाची वेळ. रोजची जागा कोठाराच्या मागची बोळ, गॅसच्या टाक्यांजवळ. वरण-भाताचं भगोणं खाली ठेवलेलं असे. ज्याला जसा वेळ मिळेल तसा तो ताटली हातात घेऊन उभ्याउभ्या खाई. भांडी घासणारा गोविंदा सवयीने तिकडे निघाला तेव्हा मेघाने त्याला हाक मारली.

"गोविंदाभाऊ, त्या मोठ्या पातेल्याले हात लावा गा. बाहेर न्यायचं आहे. लॉनवर."

"पाहुणे आले?"

"नाही. आपण जेवाले बसून राहिलो."

गोविंदाने पातेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एकोणीस वर्षं तो या हॉटेलात होता. "साहेबाले विचारलं?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. भात निवून राहिला, चला."

लॉनवर थर्माकोलचे खांब उभे होते. त्यांच्यापुढे लांब टेबलं, पांढरी चादर, खोलगट चिनी मातीच्या बश्या, चमचे, घडी घातलेले रुमाल. सगळं मांडून तयार होतं. माणसं टेबलापाशी येऊन थांबली. बसायचं कुणालाच सुचेना. भाजी चिरणाऱ्या दोघी बायका एकमेकींना कोपराने ढकलत होत्या. शेवटी तंदूरवाला अंकुश खुर्ची ओढून बसला, तो आवाज ऐकून बाकीचे बसले. गोविंदाने पुढ्यातली बशी उलटी करून तिची कड न्याहाळली.

"ही मी फोडली होती," तो म्हणाला. "गेल्या दिवाळीत. एवढासा टवका. समोरून दिसत नाही."

मेघाने वाढायला घेतलं. प्रत्येकाच्या उजव्या बाजूने, पाहुण्यांना वाढतात तसं. आधी भात, त्यावर गंबो. वाफ उठली. प्रीतीच्या कपड्याची गाठ कपाळावर घसरत होती. तिने तो काढून मांडीवर ठेवला, ते बघून आणखी दोघींनी काढले. पायलने काढला नाही. ती खाली मान घालून जेवत होती, भराभर, जणू कुणी उठवायच्या आत संपवायचं होतं.

"भेंडी चांगली लागते वं," भाजी चिरणाऱ्या दोघींतली एक म्हणाली. "काय म्हणता याले?"

"गंबो," मेघाने सांगितलं. "म्हणजे भेंडीच. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांच्या भाषेतला शब्द आहे."

"इतक्या दुरून गेले अन् भेंडीचं नाव नेलं?" अंकुशने विचारलं.

"त्यायची स्वतःची नावं बदलून टाकली होती. भेंडीचं तेवढं राहिलं."

चमच्यांचे आवाज तेवढे येत राहिले. गोविंदाने चमचा बाजूला ठेवून हाताने कालवायला सुरुवात केली. रस्सा त्याच्या मनगटापर्यंत आला, तो त्याने चाटून घेतला आणि डोळे मिटले.

भूपेश फाटकाच्या बाजूने धावत आला. हातातला वॉकीटॉकी कुरकुरत होता. टेबल बघून तो थबकला, त्याला आधी काय दिसतंय तेच कळेना.

"हे काय चालू आहे? उठा! महादेवराव गेटवर आहेत, फॅमिली घेऊन लवकर आले. उठा सगळे, टेबलं बदला!"

खुर्च्या सरकल्या. चिरणाऱ्या दोघी उठल्या, त्यांच्यामागे प्रीती.

"बसा," मेघा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. एका हातात डाव होता, दुसऱ्या हातात भाताचं भांडं. "कोणी उठायचं नाही. त्यांचं जेवण होऊन राहिलं, भूपेशजी. झालं का उठतील."

"मॅडम, पाहुण्यांच्या टेबलावर?"

"आत अजून शंभर बश्या आहेत, धुतलेल्या. ह्याच माणसांनी धुतल्या आहेत. मी स्वतः मांडून देते. पंधरा मिनिटं लागतील."

"पंधरा मिनिटं त्यांना काय सांगू मी?"

"सांगा, पहिली पंगत बसली आहे."

भूपेशने वॉकीटॉकी बंद केला. "सोमवारपर्यंत थांबायचीही गरज नाही मग. समजतं ना तुम्हाले?"

"नका थांबू."

प्रीती हळूच खाली बसली. चिरणाऱ्या दोघींतली एक बसली, दुसरी खुर्चीचा हात धरून उभीच राहिली. गोविंदा तोंडातला घास न चावता भूपेशकडे बघत होता. फाटकापाशी गाडीची दारं एकामागून एक लागली. बायकांचं हसणं ऐकू आलं, कुणीतरी इंग्रजीत म्हणालं, खांब किती सुंदर दिसतात.

पायल अर्धवट उठली होती. एक हात टेबलावर टेकलेला, डोळे भूपेशकडे. भूपेशही तिच्याकडेच बघत होता. मेघाने तिला बस म्हटलं नाही. काही म्हणायचा आपल्याला हक्क आहे असं तिला वाटलं नाही. ती पातेल्यापाशी नुसती उभी राहिली.

पायलने खुर्ची पुढे ओढली. नीट टेकून बसली आणि रिकामी बशी मेघापुढे धरली.

"अजून वाढा, ताई," ती म्हणाली. "बसून खाल्लं का जास्त जाते."

मेघाने तळापासून डाव फिरवला आणि तिची बशी भरली.